पेट्रोलची बेगमी : किती, कशी आणि कशासाठी?

भारतीय न्याय संहितेतील कलम १०६ (२) विरुद्ध ट्रक व टँकरचालकांनी जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत संप पुकारला आणि महाराष्ट्रातील अनेक शहरांत पेट्रोल पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. २ जानेवारीच्या रात्री वाटाघाटी होऊन संप मिटला व टंचाईही ओसरली. मात्र अशा प्रत्येक प्रसंगानंतर एक प्रश्न मागे उरतो. अडीअडचणीसाठी घरात किंवा दुकानात थोडे पेट्रोल साठवून ठेवावे की नाही? आमच्या वाचकांत किराणा, औषधे, बेकरी, मटण, मासळी, आईस्क्रीम असे व्यवसाय करणारे पुष्कळ आहेत. वीज गेली की त्यांचा माल नासतो, म्हणून हा प्रश्न त्यांना अधिक जवळचा आहे.

हा विचार निरर्थक आहे असे आम्ही म्हणणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या भागांतील कित्येक गावे अनेक दिवस, काही ठिकाणी तर कित्येक आठवडे अंधारात होती. रस्त्यांवर झाडे आडवी पडली होती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा वेळी ज्याच्याकडे चालू जनरेटर आणि त्यात घालायला इंधन असते, त्याचा फ्रीज चालतो, मोबाईल चार्ज होतो आणि घरातील आजारी माणसाचे यंत्रही चालू राहते. तयारी हवीच. आमचे म्हणणे इतकेच की पेट्रोलची तयारी तांदूळ, डाळ किंवा सुक्या मासळीप्रमाणे करता येत नाही. कोकणात पावसाळ्यापूर्वी आगोटीची खरेदी करून डबे भरून ठेवण्याची पद्धत आहे. ती पद्धत पेट्रोलला लावली तर ऐन वेळी पेट्रोल उपयोगी पडत नाही, आणि त्याआधी ते घर जाळू शकते.

पेट्रोल जुने होते

पुष्कळांना वाटते की पेट्रोल नासत नाही. हा समज चुकीचा आहे. पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण असते. त्यातील हलके घटक आधी उडून जातात. इंजिन थंड असताना चटकन पेट घेण्याचे काम हेच घटक करतात. उरलेल्यावर हवेचा परिणाम होऊन चिकट राळ तयार होते व ती कार्बुरेटरची बारीक छिद्रे बुजविते. घट्ट बंद डब्यात, सावलीत ठेवलेले साधे पेट्रोल साधारण सहा महिने बरे राहते. परंतु आज आपल्याला पंपावर मिळते ते साधे पेट्रोल नाही. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील दमटपणा ओढून घेते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. इंजिनला इंधन जाते ते तळातूनच. कोकणच्या पावसाळी हवेत सैल झाकणाच्या कॅनमध्ये ठेवलेल्या पेट्रोलवर तीन महिन्यांपलीकडे भिस्त ठेवू नये, असे आम्ही सांगू.

बाजारात फ्युएल स्टॅबिलायझर नावाचे द्रव्य मिळते. ताज्या पेट्रोलमध्ये योग्य प्रमाणात घातले तर ते टिकण्याचा काळ वाढवते. पण बिघडलेले पेट्रोल त्याने सुधारत नाही. आंबूस वास येऊ लागला, रंग गडद झाला किंवा तळाशी वेगळा थर दिसला, तर ते पेट्रोल जनरेटरमध्ये घालू नये. गटारात तर मुळीच ओतू नये. ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारून त्याची विल्हेवाट लावावी.

कायदा काय सांगतो?

या विषयावर १९३४ चा पेट्रोलियम कायदा आजही लागू आहे आणि त्यातील तरतूद साध्या माणसाला समजेल अशी आहे. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एका व्यक्तीच्या ताब्यात एकूण ३० लिटरपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. ते घट्ट बुचाच्या भांड्यात ठेवावे लागते. भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे असेल तर एका लिटरपेक्षा मोठे नको, धातूचे असेल तर २५ लिटरपेक्षा मोठे नको. या यादीत प्लॅस्टिकचे नाव नाही. पाण्याचे जार, थंड पेयाच्या बाटल्या, खाद्यतेलाचे रिकामे डबे यांतले पेट्रोल कायद्यातही बसत नाही आणि शहाणपणातही बसत नाही. तेलाच्या डब्याचे झाकण वाफ अडवीत नाही. थंड पेयाच्या बाटलीतले पेट्रोल लहान मुलाच्या तोंडी जाऊ शकते. तसे झालेच तर उलटी करवू नये, मुलाला तडक डॉक्टरांकडे न्यावे.

आणखी एक गोष्ट आमच्या छोट्या दुकानदार बंधूंनी ध्यानात घ्यावी. ही ३० लिटरची सवलत विक्रीच्या पेट्रोलला नाही. रस्त्याकडेच्या टपरीवर बाटल्यांत पेट्रोल विकण्याचा प्रकार अनेक गावांत चालतो. त्याला परवाना लागतो आणि तो टपरीला मिळत नसतो. रेल्वेच्या डब्यातून पेट्रोलचा कॅन नेणे हाही गुन्हा आहे.

साठवून ठेवले तर भाव वाढल्यावर फायदा होईल, असा हिशेब कोणी करीत असेल तर त्याने तो कागदावर मांडून पाहावा. मे २०२१ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली तेव्हा अनेकांच्या मनात हा विचार आला असेल. कायद्याने परवानगी असलेले ३० लिटर पेट्रोल साठविले आणि भाव ५ रुपयांनी वाढला, तर लाभ १५० रुपयांचा. दीडशे रुपयांसाठी बायकामुले झोपतात त्या घरात आगीचा डबा ठेवणे हा कुठला व्यापार?

धोका वाफेचा आहे

पेट्रोल स्वतः जळते त्यापेक्षा त्याची वाफ जळते. उणे ४० अंशाच्या आसपासही ते पेट घेण्याइतकी वाफ सोडते, मग आपल्या उन्हाळ्याची काय कथा! ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत सरकत पलंगाखालून, दाराच्या फटीतून पुढे जाते आणि गॅसच्या शेगडीपर्यंत किंवा इन्व्हर्टरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली तरी ठिणगी पुरेशी होते. भिवंडी, मालेगाव यांसारख्या शहरांतील दाट मोहल्ल्यांत खाली दुकान किंवा कारखाना आणि वर कुटुंब अशी घरे शेकड्यांनी आहेत. वर चढायला लाकडी जिना एकच असतो. त्याच जिन्याखाली पेट्रोलचा कॅन ठेवला तर आग लागल्यावर वरच्या माणसांनी उतरायचे कोठून? या एका प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल तर त्या घरात पेट्रोल ठेवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पूर येणाऱ्या गावात तळमजल्यावर कॅन ठेवणेही घातकच. कॅन उलटला की पेट्रोल पाण्यावर तरंगत घरभर पसरते.

व्यापाऱ्यांनी विम्याचाही विचार करावा. दुकानाची पॉलिसी घेताना जो माल सांगितला, त्यापलीकडे धोका वाढविणारी वस्तू विमा कंपनीला न कळविता ठेवली, तर दाव्याच्या वेळी तो मुद्दा उपस्थित होऊ शकतो. जनरेटर आणि त्याचे इंधन यांविषयी कंपनीला लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासन आगीनंतर कामी येत नाही.

माल फिरता ठेवा

ज्याच्याकडे वेगळी, हवेशीर जागा आहे, त्याने काय करावे? येथे व्यापाऱ्याला नवे काही शिकवायचे नाही. जुना माल आधी काढायचा आणि नवा मागे लावायचा, हा दुकानाचा नियम पेट्रोललाही लावावा. दहा लिटरचे, घट्ट झाकणाचे धातूचे दोन कॅन घ्यावेत. प्रत्येकावर भरल्याची तारीख लिहावी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जुना कॅन आपल्या स्कूटरच्या किंवा गाडीच्या टाकीत रिकामा करून तो ताज्या पेट्रोलने भरून आणावा. असे केले तर कोणताही कॅन दोन महिन्यांपेक्षा जुना होत नाही आणि एक रुपयाही वाया जात नाही. दीड-दोन किलोवॅटचा छोटा जनरेटर पूर्ण भारावर तासाला सुमारे एक लिटर पेट्रोल खातो. रोज चार तास चालविला तर वीस लिटरमध्ये पाच दिवस निघतात.

कॅन भरताना तो सीटवर किंवा डिकीत न ठेवता जमिनीवर ठेवावा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. उष्णतेने पेट्रोल फुगते, म्हणून वर थोडी जागा मोकळी सोडावी. साठा राहत्या घरापासून दूर, सावलीत, कुलपात आणि मुलांच्या हाताबाहेर असावा. जवळ कोरड्या पावडरचे अग्निशामक आणि वाळूची बादली असावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नये, ती पसरते. जनरेटर नेहमी घराबाहेर चालवावा, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि बंद खोलीतील माणूस झोपेतच दगावतो. इंजिन गरम असताना टाकीत पेट्रोल ओतू नये. काम संपल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बुरेटर कोरडा राहतो.

ज्यांच्याकडे अशी जागा नाही त्यांनी गाडीची टाकी कधीही निम्म्याखाली जाऊ देऊ नये. वाहनाची टाकी पेट्रोल ठेवण्यासाठीच बनविलेली असते, त्यामुळे टंचाईच्या दोन-चार दिवसांसाठी हाच सर्वांत सुरक्षित साठा होय. दिवे, पंखा व मोबाईल यांना इन्व्हर्टर आणि बॅटरी पुरते. छतावर सौर पॅनेल बसविणाऱ्यांनी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. बॅटरी नसलेली, महावितरणच्या जाळ्याला जोडलेली यंत्रणा वीज गेली की बंद होते. मोठी गरज असेल तर डिझेलचा जनरेटर बरा. डिझेल पेट्रोलइतक्या सहज पेट घेत नाही. म्हणूनच कायद्यानेही, एक हजार लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या भांड्यांत, २५०० लिटरपर्यंत डिझेल विनापरवाना ठेवण्याची मुभा दिली आहे.

शेवटी एक सूचना. दहा दुकानदारांनी दहा ठिकाणी पेट्रोल दडवून ठेवण्यापेक्षा बाजारपेठेच्या व्यापारी संघाने किंवा गावच्या जमातीने मिळून एक डिझेल जनरेटर घ्यावा. तो मोकळ्या जागेत बसवावा. औषधाच्या दुकानाचा फ्रीज, पाण्याचा पंप आणि मोबाईल चार्जिंग यांची सोय त्यावर करावी. खर्च वाटला जाईल, धोका एका जागी राहील आणि त्यावर लक्ष ठेवणारा एक जबाबदार माणूस नेमता येईल. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी प्रत्येक बाजारपेठेने यासाठी एक बैठक घ्यावी आणि व्यापारी बंधूंनी आपापल्या दुकानाच्या जिन्याखाली, पोटमाळ्यावर काय ठेवले आहे ते आजच पाहून घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.