भट्टीपुढे कापड कोणते?

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, इन्व्हरगॅरी नावाच्या गावी, 1720 च्या दशकाच्या अखेरीस थॉमस रॉलिन्सन या इंग्रज कारखानदाराने लोखंडाची भट्टी पेटवली. भट्टी लाकडी कोळशावर चालायची. झाडे तोडायला आणि भट्टी सांभाळायला त्याने तिथलेच डोंगरी लोक कामावर घेतले. त्यांचा वेष म्हणजे एक लांबरुंद लोकरी कापड. खालचा भाग चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळायचा आणि उरलेला खांद्यावर टाकायचा. काम करताना हा सगळा पसारा आडवा येई. तेव्हा रॉलिन्सनने वरचा भाग काढून टाकला, चुण्यांचा खालचा ठेवला आणि आजचा किल्ट जन्माला आला, अशी हकिकत 1768 साली लिहिलेल्या एका पत्रात आहे. अर्धे कापड नेसण्याची रीत त्याआधीही होती, असे काही अभ्यासक म्हणतात. पण या हकिकतीतला कपडा कामाच्या गरजेतून बदलला, ही गोष्ट मोलाची आहे. रानात लावणीला वाकणाऱ्या बाईने लुगड्याचा कासोटा घातला, तोही याच गरजेतून.

ही हकिकत कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत सांगण्यासारखी आहे, कारण ही वसाहत ओतकामावरच उभी आहे. महामार्गाच्या कडेच्या इथल्या शेडमध्ये मोटारींचे आणि यंत्रांचे सुटे भाग ओतले जातात. लॅडलमधला, म्हणजे ओतायच्या भांड्यातला, वितळलेल्या लोखंडाचा रस साच्यात पडतो तेव्हा त्याचे तापमान 1,400 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्याच्यापासून दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर कोणते कापड आहे, हा प्रश्न मात्र सहसा युनिफॉर्मचा रंग, खिशावरचे नाव आणि मीटरचा भाव ठरल्यानंतरही कोणी विचारत नाही. तो सगळ्यांत आधी विचारला गेला पाहिजे.

आधी कापड, मग शिवण, हे शिकायला किल्ट फार चांगला आहे. हौसेने घरी किल्ट शिवणाऱ्यालाही पहिला निर्णय कापडाचाच घ्यावा लागतो. पारंपरिक किल्टला घट्ट विणीची, तिरप्या रेघेची लोकर लागते. एका मोठ्या माणसासाठी साधारण 8 यार्ड, म्हणजे सव्वासात मीटर. दुहेरी पन्ह्याचे कापड असेल तर 4 यार्ड घेऊन ते लांबीत मधोमध फाडतात. कापडाची मूळ किनार खालच्या बाजूला ठेवतात, म्हणून खाली दुमड घालावी लागत नाही आणि चुण्या सपाट पडतात. प्रत्येक चुणी अशी मोजून घालायची की चौकटीची नक्षी पाठीमागे सलग दिसावी. आधी कच्चा टाका, मग कमरेपासून नितंबापर्यंत हाताने बारीक पक्की शिवण आणि ओल्या फडक्यावरून जड इस्त्री. आतून कॅनव्हास. पुढचे दोन पदर मात्र बिनचुण्यांचे, एकावर एक येणारे.

स्वस्तात किल्ट हवा असेल तर पीव्ही, म्हणजे पॉलिस्टर आणि व्हिस्कोज मिसळलेले कापड घेतात. ते हलके असते, घरी धुता येते आणि चुणी छान धरते. समारंभात मिरवायला ते पुरेसे आहे.

हेच पीव्ही आणि त्याचा भाऊ टेरिकॉट आपल्याकडच्या युनिफॉर्मच्या दुकानांत ठाण मांडून बसले आहेत. ऑफिसात, शाळेत त्यांच्याबद्दल तक्रार नाही. ओतकामात आहे. पॉलिस्टर 260 अंशांच्या आसपास वितळते आणि वितळलेले पॉलिस्टर कातडीला चिकटते, त्यामुळे भाजलेली जखम आणखी खोल जाते. सुती कापड वितळत नाही, पण पेट घेते. म्हणून जाड सुती कापडावर अग्निरोधक प्रक्रिया करतात. लोकर सहजी पेटत नाही. ज्वाळा बाजूला झाली की ती बहुधा आपोआप विझते आणि मागे सहज चुरा होणारा कोळसा राहतो. पट्टणकोडोलीच्या बिरदेव यात्रेला खांद्यावर घोंगडी टाकून येणाऱ्या धनगरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. घोंगडीवर ठिणगी पडली तर तेवढी जागा करपते, घोंगडी भडकत नाही.

कापड निवडले तरी काम अर्धेच झाले. भट्टीपुढच्या पँटला खाली बाहेरून दुमड असू नये, कारण उडालेला थेंब तिच्यात अडकून बसतो. खिशांना झाकण हवे. पँट बुटाच्या आत न खोचता बुटावरून खाली यावी. धातूची बटणे आणि चेन पट्टीखाली झाकलेल्या असाव्यात. आणि दोरा? कापड सुती आणि दोरा पॉलिस्टरचा, ही चूक सर्रास होऊ शकते. उष्णतेने दोरा वितळला की चांगल्या कापडाची शिवण उघडी पडते. किल्ट शिवणारा चुणीचा दोरा किती विचाराने निवडतो! भट्टीपुढच्या माणसासाठी तो दुप्पट विचाराने निवडायला हवा.

खर्च वाढेल, हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक कामगाराला सारखेच महागडे कपडे द्यावेत असे मात्र कोणी म्हणत नाही. स्टोअर, पॅकिंग, मशीन शॉप यांची गरज वेगळी, लॅडल धरणाऱ्याची वेगळी. शिरोलीतल्या उद्योजकांच्या संघटनेने ओतकाम विभागापुरती एकत्र मागणी नोंदवली तर भावही आटोक्यात येईल. वितळलेल्या लोखंडाच्या शिंतोड्यांसाठी आयएसओ 11612 या मानकात वेगळी चाचणी आहे. ती खरेदीच्या कागदावर लिहायला एक ओळ पुरते. सोबत धाग्याचे प्रमाण, कापडाचे वजन आणि शिवणीचा दोराही लिहावा.

विणकर दूर शोधायला नकोत. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून त्या गावाने बाजाराला हवे ते विणून दाखवले आहे. अग्निरोधक प्रक्रियेसाठी जाड, शंभर टक्के सुती कापडाची पक्की मागणी आली तर तेही विणले जाईल. शिलाईसाठी शिरोली, नागाव, हालोंडी या गावांत मशीन चालवणाऱ्या बायका आहेत. त्यांना नमुना आणि योग्य दोरा दिला की वरची सगळी पथ्ये पाळून कपडा शिवून मिळेल.

तोवर एक परीक्षा कोणालाही करता येते. ठाणातून दोन-चार धागे ओढायचे, चिमट्यात धरायचे आणि काडी लावायची. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख उरली तर सूत. केस जळल्याचा वास येऊन आग विझली तर लोकर. धागा ज्योतीपासून आक्रसून वितळला आणि टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. पुढच्या युनिफॉर्मच्या मागणीवर सही करण्याआधी खरेदी अधिकाऱ्याने ही काडी ओतकाम विभागातल्या कामगारांसमोर पेटवावी आणि मणी दिसला तर ते ठाण तिथूनच परत पाठवावे.