‘बालक रुळले आहे’ या शेऱ्याबद्दल खुले पत्र

प्रति,
बालकल्याणाचे धोरण ठरवणारे मा. सक्षम प्राधिकारी यांस



आधीच्या निवेदनांना पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र जाहीर. आकडे नेमून देण्यात 2015च्या बाल न्याय अधिनियमाने हयगय केलेली नाही : सापडलेले मूल 24 तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करायचे (प्रवासाचा वेळ वगळून, ही सवलत सिरोंच्याच्या मुलाला गडचिरोलीस आणताना फार उपयोगी पडते), सामाजिक तपासणी 15 दिवसांत, चौकशी 4 महिन्यांत, टाकून दिलेले दोन वर्षांपर्यंतचे मूल 2 महिन्यांत दत्तकासाठी मोकळे. हे सारे आकडे फाइलचा प्रवास मोजतात. मूल किती माणसांच्या हातांतून गेले, हे कोणीच मोजत नाही.

बालमानसशास्त्र जिला तगून राहण्याची क्षमता म्हणते, म्हणजे आघात सोसूनही वाढ, शिकणे आणि माणसांवरचा विश्वास शाबूत राहणे, ती एकट्या मुलाच्या चिवटपणातून येत नाही. एमी वर्नर यांनी हवाईतील कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला, तेव्हा बिकट परिस्थितीतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश सक्षम प्रौढ झाली, आणि त्यांना बहुधा एक तरी मायेचे, न बदलणारे माणूस लाभले होते, मग ते आजी का असेना.

आपल्या यंत्रणेत हे माणूस पाळीगणिक बदलते, कंत्राट संपले की बदलते, आणि सहाव्या वर्षी शिशुगृहातून बालगृहात जाताना तर हमखास बदलते. बल्लारशाह स्थानकावर एकत्र सापडलेली चार वर्षांची बहीण आणि आठ वर्षांचा भाऊ याच वयोमर्यादेमुळे दोन इमारतींत वाटले जाऊ शकतात, जरी रात्री सरकलेले पांघरूण तिच्या अंगावर ओढणारा तो भाऊच असला तरी. पुढे ती येईल त्या पाहुण्याच्या मांडीवर चढून बसू लागते आणि अहवालात शेरा पडतो, ‘बालक रुळले आहे’. अशी सरसकट सलगी पुष्कळदा जवळीक न जुळल्याचे लक्षण असते, हे बुखारेस्टच्या अनाथालयांतील मुलांच्या अभ्यासात दिसले आहे. आपल्या विभागास मात्र ते यश वाटते.

संस्था हा अखेरचा उपाय, असे हाच कायदा सांगतो. तरीही आजीकडे राहणाऱ्या मुलासाठी बालसंगोपन योजनेत महिना 2,250 रुपये, म्हणजे दिवसाला 75, आणि 2023च्या वाढीपूर्वी 1,100, म्हणजे दिवसाला 37 रुपयेही नव्हते.

प्रत्येक मुलासाठी भरायच्या वैयक्तिक काळजी योजनेत एक रकाना वाढवावा : दाखल झाल्यापासून या मुलास जेवू घालणारी व झोपवणारी माणसे किती वेळा बदलली. त्यासाठी निधी लागत नाही, म्हणजे तेवढी सबब तरी उरणार नाही.

बल्लारपूर