नाव गुप्त, पण निनावी नव्हे

गोदामात माल येतो वीस पेट्या, बिल निघते तीस पेट्यांचे. गेटवरच्या पहारेकऱ्याला हे ठाऊक असते, हिशेबाच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना तर नक्कीच. डबा खाताना कुजबुजही होते. पण वर कळवायचे कोणी? घरी विषय काढावा तर उत्तर ठरलेले: ‘आपल्याला काय करायचंय? घराचे हप्ते फिटायचेत अजून!’

हे उत्तर भित्रेपणाचे म्हणून सहज उडवून लावता येत नाही. सत्येंद्र दुबे हा तरुण अभियंता सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावर होता. २००२ मध्ये त्याने कामातील गैरव्यवहार थेट पंतप्रधानांना पत्राने कळवले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र मात्र नावानिशी या कचेरीतून त्या कचेरीत फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याचा खून झाला. तो लूटमारीतून झाला असे तपासात म्हटले गेले आणि २०१० मध्ये तिघांना शिक्षाही झाली. पण गुप्ततेची विनंती असलेले पत्र उघडपणे फिरले, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही.

त्यानंतर, २००४ मध्ये, सरकारने केंद्रीय दक्षता आयोगावर अशा तक्रारींची जबाबदारी टाकली. केंद्र सरकारची खाती, उपक्रम आणि सरकारी बँका यांच्याविषयी कोणीही आयोगाच्या सचिवांना लिहू शकतो. पाकीट बंद हवे, त्यावर ‘पीआयडीपीआय’ अशी ठळक अक्षरे हवीत; पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता वर नको, आतल्या कागदावर हवा. निनावी पत्राची मात्र या सोयीत दखल घेतली जात नाही. नाव द्यायचे ते आयोगाला; ते झाकून ठेवायचे आयोगाने.

खासगी नोकरीत काय? २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आणि आणखी काहींना तक्रारीची व्यवस्था ठेवणे बंधनकारक केले. तक्रार करणाऱ्याला छळापासून संरक्षण द्यायचे आणि तसेच गंभीर कारण असेल तर लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाऊ द्यायचे, असेही त्यात आहे. अनेक कंपन्या यासाठी बाहेरच्या संस्थेची फोन-लाइन ठेवतात. तिथे कित्येकदा नाव न सांगताही बोलता येते. पण खरे सांगायचे तर माणूस ओळखू येतो तो नावापेक्षा मजकुरावरून. ‘गेल्या मंगळवारी साहेब माझ्यासमोर म्हणाले’ असे लिहिले आणि समोर तुम्ही एकटेच होता, तर नाव लपवून उपयोग काय? त्यापेक्षा बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम सांगा. ते बिल दहाजणांच्या हातांतून गेलेले असते. आणि हा फोन ऑफिसातून नको, ऑफिसच्या संगणकावरून पत्रही नको.

एका बाबतीत रस्ता निराळा आहे, भगिनींनी तो नीट समजून घ्यावा. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्याच दुसऱ्या कायद्याखाली अंतर्गत समितीकडे जाते. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कचेरीत ती हवी. तक्रार लेखी लागते, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत, आणि तिची प्रत ज्याच्याविरुद्ध आहे त्यालाही मिळते. म्हणजे त्याच्यापासून नाव लपत नाही; बाहेर मात्र ते कुणी जाहीर करायचे नाही. हे आधी माहीत असलेले बरे, नंतर धक्का बसत नाही.

फोन-लाइनवर बोलणे झाले की संकेत क्रमांक विचारून घ्यावा. चौकशी कुठवर आली हे पुढे त्यावरच कळते. तो ऑफिसच्या डायरीत लिहू नये. घरच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत, शेवटच्या पानावर चालेल.