हवेली पाहा, पण हिशोबाची वहीही वाचा

'ब्रिजर्टन' पाहून इंग्लिश हवेल्यांच्या रील्सवर बदाम टाकणाऱ्यांशी माझं भांडण आहे. (मीही टाकलेत.) यॉर्कशरमधलं हेअरवुड हाउस घ्या. १७५९ साली बांधायला घेतलं. आत चिपेंडेलचं फर्निचर, बाहेर कॅपेबिलिटी ब्राउनची बाग. पैसा लॅसेल्स घराण्याचा. तो आला कॅरिबियन साखरेतून आणि गुलामांच्या व्यापारातून. हे कुणा टीकाकाराचं म्हणणं नाही, घराण्याचेच कागद सांगतात. आज ते यॉर्क विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. मळ्यांच्या मालमत्तेत माणसंही मोजलेली आहेत.

१८३३च्या कायद्यानं गुलामगिरी संपवायचं ठरलं, तेव्हा सरकारनं दोन कोटी पौंड भरपाई मंजूर केली. मालकांना! हेअरवुडच्या अर्लला १,२७७ माणसांपोटी २६ हजारांहून जास्त पौंड मिळाले. त्या माणसांना दमडीही नाही. त्या भरपाईच्या कर्जाची शेवटची बाकी ब्रिटिश करदात्यांनी फेडली २०१५मध्ये.

'जुनी मढी कशाला उकरता?' म्हणे. अहो, अर्लसाहेबांच्या पूर्वजांची तैलचित्रं भिंतीवर आहेत. बार्बाडोसमधल्या एखादीला आपली खापरपणजी शोधायची असेल, तर तिला मालकाचीच वही उघडावी लागते. तिथं सापडलंच तर नुसतं नाव सापडतं, बहुधा आडनावाशिवाय, आणि शेजारी किंमत.