विसरलेला पन्हाळा

पन्हाळ्यावर जाणाऱ्या पाहुण्याला गाईड कोंडाजी फर्जंदांची गोष्ट सांगितल्याशिवाय सोडत नाही. मार्च १६७३ मधली अंधारी रात्र, निवडक साठ मावळे, कड्यावरून चढाई, वर पोहोचताच शिंगांचा गजर, भांबावलेली आदिलशाही शिबंदी आणि उजाडेपर्यंत गड स्वराज्यात. याच गडावर १६ जानेवारी १६६६ रोजी उजाडण्यापूर्वी घातलेला छापा मात्र कुणी सांगत नाही. तेव्हा खुद्द शिवाजी महाराज आघाडीवर होते, फौज कोंडाजींच्या कितीतरी पट होती. पण शिबंदी सावध निघाली, नेताजी पालकर कुमक घेऊन वेळेत पोहोचले नाहीत, हजाराच्या आसपास माणसे कामी आली आणि महाराजांना विशाळगडाकडे माघार घ्यावी लागली.

दोन्ही वेळा गड तोच होता आणि मावळ्यांच्या छातीतही फरक नव्हता. फरक होता तो आधीच्या तयारीत. १६७३ मध्ये अण्णाजी दत्तोंनी गडाची बित्तंबातमी आधी काढली, माणसे निवडून घेतली. जयराम पिंड्ये यांनी ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ या संस्कृत काव्यात ही मोहीम रंगवली आहे. १६६६ वर असे काव्य कोण लिहिणार? महाराजांनी मात्र त्या रात्रीचा जाब मागितला आणि नेताजींना सरनौबती गमवावी लागली. इतका मोठा सरदार दुखावला जाईल, शत्रूला मिळेल, हा धोका पत्करून मागितला. नेताजी पुढे खरोखरच विजापूरकरांकडे गेले.

पन्हाळ्याच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यात, नेसरी आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांनिशी आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कुणीच परतले नाही. कुसुमाग्रजांच्या गीतामुळे ते सात घराघरांत पोहोचले. नारायण शेणवी यांनी इंग्रजांना लिहिलेल्या पत्रात या प्रसंगाची कोरडी नोंद आहे : दोन टेकड्यांमधल्या अरुंद वाटेत सरनौबत सहा स्वारांसह पडले, बाकीच्या सैन्याची मदत त्यांना मिळाली नाही. त्याआधी उमराणीला कोंडीत सापडलेल्या खानाला सोडून दिल्याबद्दल महाराजांनी प्रतापरावांना खरमरीत बोल लावले होते. ते बोल त्यांच्या जिव्हारी लागले होते. वरून आलेल्या शब्दाचे ओझे मैदानावरच्या सेनापतीला सारासार विचारापासून किती दूर नेते, हे नेसरी सांगते. आपण मात्र तिथे फक्त माथा टेकतो. राज्याभिषेकाला चार महिनेही उरले नसताना स्वराज्याने सरनौबत गमावला, हा त्या धाडसाचा हिशेब गीतात येत नाही आणि येऊही नये. पण तो कुठेतरी मांडला गेला पाहिजे.

स्वतंत्र भारताच्या कमांडोंच्या वाट्याला असाच प्रसंग ११ आणि १२ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री आला. श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेने जाफना विद्यापीठाच्या आवारात हेलिकॉप्टरने उतरून तमिळ वाघांचे नेतृत्व पकडायचे ठरवले. १० पॅरा कमांडोंनी आधी उतरून मैदान ताब्यात ठेवायचे आणि मागून १३ शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तुकड्या फेऱ्याफेऱ्यांनी आणायच्या, असा बेत होता. वाघांनी भारतीय बिनतारी संदेश ऐकले होते. हेलिकॉप्टर मैदानावर आली ती थेट गोळीबाराच्या तोंडी. त्यांना इतका मार बसला की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. शीख पलटणीचे तेवढे तीस जण उतरले होते. त्यांतले एकोणतीस मारले गेले, एक कैद झाला. कमांडोंनीही सहा साथीदार गमावले. शत्रू ऐकत असेल, हेलिकॉप्टर निकामी होतील, उतरलेली तुकडी एकटी पडेल, हे प्रश्न जमिनीवर असतानाच सोडवायचे असतात. तिथे आकाशातून उतरलेल्या शिपायाकडे त्यांचे उत्तर कुठून असणार?

अमेरिकेलाही हा धडा महागात पडला. एप्रिल १९८० मध्ये तेहरानमधल्या ओलिसांना सोडवायला निघालेल्या मोहिमेसाठी किमान सहा हेलिकॉप्टर लागणार होती आणि निघाली आठ. वाळवंटातल्या तळावर पाचच धड उरली. मोहीम सोडून परतताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ जण गेले. गुप्ततेच्या अतिरेकापायी सगळ्या दलांची एकत्र पूर्ण रंगीत तालीमच झाली नव्हती. पण अॅडमिरल हॉलोवे यांच्या समितीने त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत चुका मांडल्या आणि अहवाल लोकांसमोर आला. १९८७ मध्ये विशेष दलांची स्वतंत्र एकत्रित कमान उभी राहिली. शत्रूला यातून काही कळले असेलही, पण ज्यांना कळायला हवे होते त्यांना जास्त कळले.

आपल्याकडे काय होते? २६/११ ला राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो मानेसरहून मुंबईत पोहोचेपर्यंत रात्र सरली, कारण त्यांना आणणारे विमान चंदीगडला होते. आरडाओरड झाली तेव्हा कुठे २००९ मध्ये मुंबईसह चार शहरांत तळ उभे राहिले. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ शीघ्र कृती दलाचे पंधरा पोलीस साध्या खासगी गाडीतून निघाले आणि चालकासह भूसुरुंगात गेले. माओवाद्यांनी त्याच पहाटे कुरखेडा तालुक्यात रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली होती. पाठलागाला आमंत्रण देणारा हा जुनाच सापळा. तरीही गाडी निघाली. ती कुणी पाठवली, त्याचे उत्तर खातेनिहाय चौकशीच्या फायलीत राहू नये.

शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत घरटी फौजेची परंपरा आहे. गडहिंग्लज, चंदगड, आजऱ्यातही तिरंग्यात लपेटलेली शवपेटी गावाने पाहिलेली आहे. त्या घरांना सलामी मिळते, मदतीचा धनादेश मिळतो, चौकाला नाव मिळते. ज्या रात्री मुलगा गेला त्या रात्रीचा बेत कोणी, कशाच्या आधारावर आखला, हे विचारले की मात्र ‘जवानांचे मनोधैर्य खचेल’ असे सांगितले जाते. फौजेत मुलगे पाठवणाऱ्या घरांना मनोधैर्य शिकवण्याची गरज नाही. ज्यांना प्रश्न अवघड जातो ते मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्यांत बसलेले असतात.

संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धे व मोहिमांचा इतिहास लिहिण्याचे धोरण जाहीर केले. पंचवीस वर्षांहून जुने दस्तऐवज तज्ज्ञांनी तपासून, इतिहास संकलित झाल्यावर राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावेत, असे त्यात म्हटले आहे. या हिशेबाने जाफनाच्या कागदांची मुदत २०१२ मध्येच भरली. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने इतकी वर्षे संवेदनशील म्हणून दडवला. जाफनाला ती सबब लागू होत नाही : वाघांची संघटना २००९ मध्येच संपली आणि शांतिसेना मार्च १९९० मध्येच परतली. त्या रात्रीचे आदेश आणि चौकशीचे कागद मंत्रालयाने आता खुले करावेत. फौजेत मुलगे पाठवणाऱ्या कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्याच्या खासदारांनी संसदेत ही मागणी सर्वांत आधी करावी.