लोदची घरे आणि कुळाचा हक्क

पॅलेस्टाइनचा प्रश्न म्हणजे दोन धर्मांतील सनातन वैर, असे आपल्याकडील सुशिक्षितही आता सर्रास म्हणू लागले आहेत. एकदा असे म्हटले की कोणावरच जबाबदारी उरत नाही. सनातन वैरापुढे कोण काय करणार? परंतु गेल्या दीडशे वर्षांचे जमिनीचे दप्तर उलगडून पाहिले, तर तेथे धर्मग्रंथांतील वचनांपेक्षा खरेदीखते, भाडेपट्टे आणि कायद्याची कलमेच अधिक आढळतात. त्या दप्तरातील एक पान मराठी माणसाचेही आहे.

तेल अवीवजवळच्या लोद शहरात कोकणातून गेलेली बेने इस्रायली कुटुंबे राहतात. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्या समाजाची आडनावे. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. ज्यू म्हणून त्यांचा छळ या भूमीत झाला नाही. १९४८ नंतर धर्मश्रद्धेने आणि बऱ्या जीवनाच्या आशेने ते इस्रायलला गेले.

पण लोदमध्ये नव्या वसाहतवाल्यांना जागा मिळाली कशी? जुलै १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने लिद्दा (आजचे लोद) आणि रामले ही अरब शहरे घेतली व तेथील पन्नास ते सत्तर हजार रहिवाशांना भर उन्हाळ्यात घालवून दिले. लिद्दाच्या लोकांना तर पायी हाकलण्यात आले. मुले व वृद्ध वाटेतच तहानेने मेले. त्या रिकाम्या घरांत जगभरातून आलेले गरीब ज्यू राहावयास आले. कोकणचा शनवार तेली पुढे याच शहरात येऊन वसला. त्याने कोणाला हाकलले नव्हते. हाकलण्याचे काम आधीच उरकले होते.

हे एका रात्रीत झाले नाही. १८५८ च्या तुर्की जमीन कायद्याने नोंदणी सक्तीची केली, तेव्हा करांच्या आणि सैन्यभरतीच्या धास्तीने अनेक शेतकऱ्यांनी आपले नाव दप्तरात येऊ दिले नाही. जमीन बड्या घराण्यांच्या नावे लागली आणि कसणारा कूळ होऊन बसला. बैरुतच्या सुरसोक घराण्याने अशाच प्रकारे मर्ज इब्न आमिरच्या सुपीक खोऱ्यातील वीसेक गावे मिळविली आणि १९२० नंतरच्या काही वर्षांत ती ज्यू संस्थांना विकून टाकली. खरेदीखत कायदेशीर होते, पैसेही चोख मोजले गेले. कुळे मात्र उठविली गेली. १९०१ साली स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीच्या भाडेपट्ट्यात तर जमिनीवर केवळ ज्यू मजूरच लावावा, अशी अट होती. अरब कुळाला तेथे मालक म्हणून जागा नव्हती आणि रोजगारी म्हणूनही नव्हती. हिंदुस्थानात सनदी नोकरी केलेल्या होप सिम्पसन यांनी १९३० च्या आपल्या अहवालात या अटीवर स्पष्ट शब्दांत टीका केली होती.

पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील वाचकाला याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. दप्तरात जहागीरदार आणि नांगरामागे रयत, हे चित्र मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. १९४९ साली जहागिरी गेल्या आणि १९५० च्या कायद्याने संरक्षित कूळ निर्माण झाले. नोंदीवरच्या मालकीपेक्षा कसण्याचा हक्क मोठा, हे तत्त्व त्यामागे होते. तरीही कितीएक कुळांकडून राजीनामे लिहून घेऊन त्यांना बेदखल करण्यात आले. प्रा. खुस्रो यांच्या १९५८ च्या अभ्यासात त्याची हकीकत आहे. पॅलेस्टाइनच्या कुळाला मिळालेला कागदी आधारही असाच अपुरा ठरला.

पुढील आकडे बोलके आहेत. १९४७ साली ज्यूंची लोकसंख्या एकतृतीयांशाच्या आसपास आणि मालकीची जमीन सुमारे सहा-सात टक्के होती. संयुक्त राष्ट्रांच्या फाळणी योजनेने ज्यू राज्याला सुमारे पंचावन्न टक्के भूमी दिली. भारताने या योजनेविरुद्ध मत दिले. १९४९ मध्ये युद्ध थांबले तेव्हा सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्के भूमी इस्रायलकडे होती आणि सुमारे सात लाख अरब निर्वासित झाले होते. १९५० च्या ‘अनुपस्थितांची मालमत्ता’ कायद्याने त्यांची घरे व शेते सरकारजमा झाली. देशातच राहिलेले, पण युद्धाच्या धामधुमीत स्वतःच्या गावाबाहेर असलेले लोकही या कायद्याने अनुपस्थितच ठरले. ३० मार्च १९७६ रोजी गॅलिलीतील भूसंपादनाविरुद्ध संप झाला, तेव्हा सहा अरब नागरिक गोळीबारात मारले गेले. १९६७ पासून व्याप्त असलेल्या पश्चिम किनाऱ्यावर तोच १८५८ चा कायदा पुढे करून न कसलेली जमीन ‘सरकारी’ ठरविण्यात आली. तेथे आणि पूर्व जेरुसलेममध्ये मिळून आज सुमारे सात लाख वसाहतवाले राहतात.

युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले, हे विसरून यावर बोलणे अमानुषपणाचे होईल. परंतु त्या पापाचे प्रायश्चित्त मर्ज इब्न आमिरच्या कुळाने का घ्यावे? ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेली सुमारे बाराशे माणसांची हत्या आणि ओलिसांचे अपहरण यांचेही कोणी समर्थन करू नये. त्याच निकषाने, गाझात नंतर जी हजारो बालके मारली गेली त्यांच्याविषयी मौन पाळणाऱ्याला न्यायाची भाषा बोलता येणार नाही.

येथे आम्हा समाजवाद्यांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. १९५३ च्या रंगूनच्या आशियाई समाजवादी परिषदेत इस्रायलचा मापाई पक्ष आमच्या शेजारी बसला होता. १९५८ साली जयप्रकाशजी इस्रायलला जाऊन आले. किबुत्झमधील सामुदायिक श्रम आणि समान वाटप यांनी आमची एक पिढी भारावून गेली. पण ती जमीन काल कोण कसत होता, हा पहिला प्रश्न आम्ही मोठ्याने विचारला नाही. मालकाकडून मागून भूमिहीनाला देणारे भूदान आणि कसणाऱ्याला भूमिहीन करून उभी राहिलेली समता यांतील भेद आम्हाला दिसावयास हवा होता.

बेने इस्रायलींच्या वाट्याला तरी काय आले? काहींनी १९५१-५२ मध्ये धरणे धरून भारतात परत पाठविण्याची मागणी केली. १९६२ नंतर धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली. ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत, हे संसदेने मान्य करावयास ऑगस्ट १९६४ उजाडला. वर्णाची उतरंड तेथेही होतीच. एका गरिबाला दुसऱ्या गरिबाच्या जागी बसवावयाचे आणि दोघांनाही खालीच ठेवावयाचे, ही रीत आजही चालू आहे. गाझाच्या युद्धानंतर पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद झाले आणि २०२४ च्या आरंभी रोहतक व लखनौ येथे बांधकाम मजुरांची भरती झाली. बेकारीने गांजलेल्या या तरुणांना दोष देता येणार नाही. दोष त्यांना तेथे धाडणाऱ्या आपल्या सरकारचा आहे.

मग मार्ग कोणता? लोदच्या पेणकरांना घराबाहेर काढा, असे कोणीही म्हणू नये. त्याने एका अन्यायात दुसऱ्याची भर पडेल. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या डिसेंबर १९४८ च्या १९४ क्रमांकाच्या ठरावातील परतीचा अथवा भरपाईचा हक्क मान्य झालाच पाहिजे. १९६७ नंतरचा ताबा सुटला पाहिजे. तो बेकायदा असल्याचे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही जुलै २०२४ मध्ये दिले आहे. आणि जोवर हे होत नाही, तोवर हाकललेल्या मजुराच्या जागी भारतीय मजूर पाठविणे थांबले पाहिजे.

हीच कसोटी घरीही लागू आहे. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाला साठ वर्षे उलटून गेली. तरीही मराठवाड्यात दोन-दोन पिढ्या गायरान कसणाऱ्या कितीतरी दलित कुटुंबांच्या नावे सातबारा नाही, आणि दप्तरात ती अतिक्रमणदार आहेत. पॅलेस्टाइनसाठी मोर्चा काढणाऱ्यांनी परतताना तहसील कचेरीवरही जावे. मागणी एकच आहे.