कंपवाताची शस्त्रक्रिया : करावी की न करावी?

काही प्रश्न असे असतात की त्यांचे उत्तर डॉक्टरांनी द्यावे अशी रोग्याची अपेक्षा असते, आणि डॉक्टर मात्र ‘तुम्ही घरी विचार करून सांगा’ असे म्हणून तो प्रश्न त्याच्याच पदरात परत घालतात. धार जिल्ह्यातील राजगढहून एका वाचकांच्या घरून आलेले पत्र याच जातीचे आहे. घरचे वडील शाळामास्तर होते. गेली नऊ वर्षे त्यांना कंपवात आहे. गोळीचा अंमल असतो तोवर ते शर्टाची बटणे आपल्या हातांनी लावतात; अंमल उतरला की खुर्चीला खिळून राहतात. इंदूरच्या मुलाचा आग्रह आहे की मेंदूवरील शस्त्रक्रिया करावी, प्रसंगी शेताचा तुकडा विकावा. आईला भीती वाटते की आहे तो माणूसही हातचा जाईल. मास्तर स्वतः काही बोलत नाहीत.

आम्ही काही वैद्य नव्हे. परंतु निर्णय घेण्यापूर्वी कोणत्या गोष्टी जाणून घ्याव्यात, एवढे सांगणे आम्हांस शक्य आहे. आणि हा प्रश्न एकाच घरापुरता नसल्यामुळे येथे सर्वांसाठी लिहीत आहोत.

या रोगाचे वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. मेंदूच्या एका लहानशा भागातील पेशी हळूहळू नष्ट होतात आणि त्या जे डोपामीन नावाचे द्रव्य निर्माण करतात त्याची उणीव पडते. त्यामुळे हात कापतात, अंग ताठरते, हालचाली मंदावतात. लेव्होडोपा हे औषध ती उणीव भरून काढते. आपल्याकडील खाजकुइलीच्या बियांत हेच द्रव्य असल्याचे १९३७ साली दामोदरन व रामस्वामी यांनी दाखविले होते. रोगावरील औषध म्हणून त्याचा प्रसार १९६० नंतरच्या दशकात झाला. परंतु वर्षे लोटतात तसा एकेका गोळीचा अंमल तोकडा होत जातो, आणि कित्येकांचे अंग औषध चढले असताना आपोआप वेडेवाकडे हलू लागते. शस्त्रक्रियेचा विचार येतो तो बहुधा याच टप्प्यावर.

पूर्वीच्या शस्त्रक्रियेत मेंदूचा ठराविक बिंदू जाळून निकामी करीत, मद्रासला डॉ. बी. राममूर्ती व त्यांचे सहकारी १९६० नंतरच्या दशकात अशा शस्त्रक्रिया करीत असत. १९८७ साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. बेनाबिद यांनी निराळी वाट काढली. तो बिंदू न जाळता त्यात बारीक तार ठेवावयाची, तिचे दुसरे टोक कातडीखालून गळ्याच्या हाडाजवळ बसविलेल्या लहान यंत्राला जोडावयाचे, आणि त्या यंत्राने सतत सौम्य विद्युत्-स्पंदने पाठवावयाची. हिलाच ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ म्हणतात. हिचा मोठा गुण असा की प्रवाह कमीजास्त करता येतो, बंदही करता येतो. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी, तसेच तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतील डॉक्टर अशा शस्त्रक्रिया अनेक वर्षे करीत आले आहेत.

आता मुख्य मुद्दा. ही शस्त्रक्रिया रोग बरा करीत नाही आणि त्याची वाटचालही थांबवीत नाही. ढोबळ नियम असा आहे : जे लक्षण गोळीने सुधारते ते शस्त्रक्रियेने सुधारण्याचा संभव असतो, जे गोळीने सुधारत नाही ते शस्त्रक्रियेनेही बहुधा सुधारत नाही. हाताचा कंप मात्र याला अपवाद आहे. गोळीला न जुमानणारा कंपही पुष्कळदा या उपायाने आटोक्यात येतो. ताठरपणा, मंदपणा, दिवसातून अनेकदा होणारी चढउतार, अंगाची वेडीवाकडी हालचाल, यांत फरक पडतो. तोल जाणे, घास गिळताना अडकणे, बोलणे अस्पष्ट होणे, विस्मरण, यांवर हा उपाय नव्हे; बोलणे तर कधी कधी अधिकच बिघडते. म्हणूनच डॉक्टर आधी रात्रभर औषध बंद ठेवून सकाळी एक मात्रा देतात आणि किती फरक पडतो ते मोजतात. स्मरणशक्तीची व मनःस्थितीचीही परीक्षा घेतात, कारण बुद्धिभ्रंश सुरू झालेल्याला ही शस्त्रक्रिया सहसा करीत नाहीत.

धोका लहान असला तरी खरा आहे. मेंदूत रक्तस्राव होण्याचा संभव शंभरात एकदोन इतका सांगतात. जंतुसंसर्गाची भीती याहून थोडी अधिक. जर्मनी व ऑस्ट्रियात १५६ रोग्यांवर केलेली एक तुलना २००६ साली प्रसिद्ध झाली. केवळ औषधे घेणाऱ्यांपेक्षा शस्त्रक्रिया झालेल्यांचे दैनंदिन जीवन सहा महिन्यांनी अधिक सुकर झालेले आढळले. परंतु त्यांच्यातील एक रोगी मेंदूतील रक्तस्रावाने दगावला. मुलगा पहिले वाक्य वाचतो, आई दुसरे. दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि दोघांनी मिळून ती दोन्ही वाचली पाहिजेत.

खर्च अनेक लाख रुपयांचा आहे आणि तो एकदाच होत नाही. साध्या यंत्राची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते; पुन्हा भारित करता येणारी अधिक टिकते, पण महाग पडते. शिवाय शस्त्रक्रियेनंतर यंत्राचा प्रवाह जुळवून घेण्यासाठी पहिल्या काही महिन्यांत वारंवार जावे लागते. राजगढहून इंदूर, आणि तेथून रात्रीच्या गाडीने मुंबई, हा प्रवास आजारी माणसाला घेऊन किती वेळा झेपेल, कोण बरोबर जाईल, याचा हिशेब शेत विकण्यापूर्वीच मांडावा. तसेच गोळ्यांच्या वेळा व मात्रा एकदा मज्जातंतुतज्ज्ञाकडून नीट बसवून घ्याव्यात. डाळ, दूध, अंडी अशा जेवणाबरोबर घेतलेली गोळी पुष्कळांना कमी लागू पडते. एवढे सांभाळल्यानेही काहींचे दिवस सुधारतात.

येथे कर्तव्याचा प्रश्न उभा राहतो. उपाय उपलब्ध असताना तो नाकारणे म्हणजे देवाने दिलेल्या जीवनाची हेळसांड नव्हे काय? पोप बारावे पायस यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणात याचे उत्तर दिले आहे. स्वतःवर किंवा इतरांवर अतिशय भार न टाकणारे उपाय करणे मनुष्यास बंधनकारक आहे. त्यापलीकडे जाण्याची त्याला मोकळीक आहे, सक्ती नाही. तेव्हा मास्तरांनी ‘हो’ म्हटले तर तो लोभ नव्हे, आणि ‘नको’ म्हटले तर ते पाप नव्हे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी हाच रोग अनेक वर्षे सोसला आणि २००५ साली मृत्यू येईपर्यंत आपला कापणारा हात जगापासून लपविला नाही. मात्र त्यांचे उदाहरण कोणाच्या गळ्यात बांधू नये. दुःख धीराने सोसणे हा सद्गुण आहे. टळण्याजोगे दुःख दुसऱ्याने सोसावे असा आग्रह धरणे हा नव्हे.

राहिले मास्तरांचे मौन. या रोगात चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात, आवाज खोल जातो, शब्द उशिरा येतात. चेहरा निर्विकार दिसतो म्हणून मन निर्विकार असते असे नाही. घरच्यांनी त्या मौनाचा अर्थ संमती, नकार किंवा उदासीनता असा आपापल्या सोयीने लावू नये. गोळीचा अंमल चांगला असेल अशी वेळ निवडावी, शेजारीपाजारी नसावेत, घाई नसावी. आणि एकच प्रश्न विचारावा : ‘कोणती एक गोष्ट परत हाती यावी असे तुम्हांस वाटते?’ उत्तर येईपर्यंत थांबावे. बटणे लावणे, आपल्या हाताने जेवणे, रात्री अंथरुणात कूस पालटणे असे उत्तर आले, तर तज्ज्ञांकडे जाण्यास कारण आहे. न पडता चालणे किंवा पूर्वीसारखे स्पष्ट बोलणे असे आले, तर ते या शस्त्रक्रियेच्या बाजारात बहुधा मिळत नाही, आणि शेत राखणेच शहाणपणाचे ठरेल.

हा निर्णय आठवड्यात घ्यावयाचा नाही; पण वर्षानुवर्षे लांबणीवरही टाकू नये, कारण वय आणि स्मरणशक्ती कोणासाठी थांबत नाहीत. शक्य तर शस्त्रक्रिया झालेल्या दोघाचौघांशी बोलावे; पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ अशा कुटुंबांना एकत्र आणते. आणि निर्णय कोणताही होवो, चहाचा कप अर्धाच भरून देणारे, अर्ध्या रात्री कूस बदलून देणारे हात घरात लागणारच आहेत. त्या हातांना आठवड्यातून एक दुपार विसावा मिळेल अशी व्यवस्था शेजाऱ्यांनी करावी. तिला शेतही विकावे लागत नाही.